आजीची वही आणि बेराखोतचं पान: बायकांनी तोरा शिकायची सुरुवात कुठून करायची

मला आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणारी ठाण्याची आहे, वय ४१, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या आपल्या यहुदी समाजातली. हिब्रू अक्षरं लावून वाचता येतात पण अर्थ लागत नाही. आजी किर्तनातली पदं म्हणायची, तिची हाताने लिहिलेली वही हिच्याकडे आहे, त्यात शास्त्रातल्या हन्नाचं एक पद आहे. घरातले एक काका म्हणाले की बायकांना तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं आणि एकूणच धर्माचं शिक्षण, शिकायची गरज नाही, तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, तर नाहीच नाही. ती विचारते, खरंच मनाई आहे का, आणि नसेल तर या वयात सुरुवात कुठून करू, पाळीच्या दिवसांत पुस्तक हातात घेतलेलं चालतं का, आणि मुलगी बारा वर्षांची होतेय तर तिला काय शिकवू.

अगं, मी पंचवीस वर्षं हेच करते आहे. आधी मुंबईत शनिवारी संध्याकाळी हव्दाला, म्हणजे शब्बाथ हा विसाव्याचा दिवस संपवण्याचा विधी, झाल्यावर बायकांना घेऊन बसायचे, मग इथे इस्राएलमध्ये आले, दोन वर्षं स्वतः जेरुसलेमला जाऊन शिकले आणि आता झूमवर अश्दोद, लोद, ठाणे, पुणे असा सगळा मिळून मराठीतून वर्ग घेते. त्यामुळे जे सांगते ते पुस्तकातलंही आहे आणि बायकांसमोर बसून कळलेलंही आहे. आणि लांब लिहिणार आहे, कारण या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणाऱ्यांमुळेच आपल्या आया-मावश्या आयुष्यभर दाराबाहेर राहिल्या.

काकांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही, ते आधी मान्य करू. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या तोंडी नियमांच्या संग्रहात, सोटा नावाचा भाग आहे, तिसऱ्या अध्यायात दोन रब्बींचं, म्हणजे धर्मपंडितांचं, समोरासमोर मत दिलंय. बेन अझ्झाई म्हणतो, माणसाने आपल्या मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे. रब्बी एलिएझेर म्हणतो, जो मुलीला तोरा शिकवतो तो जणू तिला तिफ्लुत शिकवतो, तिफ्लुत म्हणजे थिल्लरपणा म्हण, वाह्यातपणा म्हण. आता लोक काय करतात, दुसरं वाक्य पाठ करतात आणि पहिलं विसरतात. दोन्ही एकाच मिश्नात आहेत, एकाखाली एक. आणि विषय काय चाललाय तिथे, तर नवऱ्याला जिच्यावर संशय आलाय अशा बाईला मंदिरात नेऊन जे पाणी प्यायला देत त्या विधीचा. बेन अझ्झाईचं कारण असं की तिच्या पदरी काही पुण्य असेल तर त्या पाण्याचा परिणाम लांबतो, हे तिला माहीत असायला हवं. म्हणजे आपल्यावर काय लागू होतं हे त्या बाईला स्वतःला कळलं पाहिजे. मी हे पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा माझं वय ३८ होतं आणि मी खरंच रडले होते, कारण मलाही लहानपणी फक्त रब्बी एलिएझेरच सांगितला होता.

पुढे रामबामने, म्हणजे मायमोनिदीसने, बाराव्या शतकात नियम लिहिताना सांगितलं की बाई तोरा शिकली तर तिला फळ मिळतं, पण पुरुषाएवढं नाही कारण तिला तशी आज्ञा नाहीये, आणि बापाने मुलीला शिकवू नये असं ऋषींनी म्हटलंय. पण लगेच तो फरकही करतो, की हे तोंडी परंपरेबद्दल, म्हणजे मिश्ना-तालमूदबद्दल, लिखित तोराही मुद्दाम शिकवायला सुरुवात करू नये पण शिकवली तर ती तिफ्लुत नाही. काकांचं मत इथून येतं. पण गाडी तिथे थांबली नाही. शुल्हान आरूख या नियमांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की बायकांनी सकाळी तोराचा आशीर्वाद, बिरखात हतोरा, म्हणायचा. आणि रब्बी मोशे इस्सर्लेसने त्यावरच्या टिपणात लिहिलं की बाईला ज्या गोष्टी लागू आहेत त्यांचे नियम तिने शिकलेच पाहिजेत. आता तूच यादी कर बघू, शब्बाथ लागू आहे, सण लागू आहेत, काशेर, म्हणजे खाण्याच्या नियमांत बसणारा, स्वयंपाक लागू आहे, प्रार्थना, दानधर्म, आईबापांचा मान, खोटं न बोलणं, चहाड्या न करणं, सगळं लागू आहे. एवढं शिकायचं म्हटलं तरी जन्म पुरायचा नाही.

पण मोठा बदल झाला तो गेल्या शंभर वर्षांत, आणि तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सुरू केला. सारा शेनिरेर, पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरातली. पहिल्या महायुद्धात व्हिएन्नाला जाऊन राहावं लागलं, तिथे हनुक्का सणातल्या शब्बाथला एका रब्बीचं युदिथ या शूर बाईवरचं प्रवचन ऐकलं आणि तिला वाटलं की आपल्याकडच्या मुलींना हे कोणी कधी ऐकवलंच नाही. गिऱ्हाइकांच्या अंगाचं माप घेऊन कपडे शिवून देते पण त्यांच्या मनाचं काय, असा तिचा विचार. १९१७ मध्ये तिने क्राकूव्हला मुलींची शाळा काढली, बेथ याकोव्ह, आणि ती १९३५ साली वारली तोपर्यंत तशा शाळा ठिकठिकाणी झाल्या होत्या. त्या काळातला सगळ्यात मान्य रब्बी म्हणजे हाफेत्झ हायीम, त्याने पाठिंबा दिला. त्याने लिहिलेलं कारण मला आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो, पूर्वी प्रत्येक जण आईबाप जिथे राहिले तिथेच राहायचा, घरातली परंपरा घट्ट होती, मुलगी बघून बघून शिकायची, आता तसं राहिलं नाही, मुली बाहेरची भाषा आणि लिपी शिकतात, मग त्यांना तोरा न शिकवणं हेच धोक्याचं आहे.

पुढचं भराभर सांगते. नेखामा लेइबोविच, रीगामध्ये जन्मलेली, हिने १९४२ पासून दर आठवड्याला त्या आठवड्याच्या पाराशावर, म्हणजे सिनेगॉगमध्ये वाचायच्या तोराच्या भागावर, प्रश्नांचं पान काढायला सुरुवात केली, जवळजवळ तीस वर्षं काढत राहिली, लोक पोस्टाने उत्तरं पाठवायचे आणि ती लाल शाईने तपासून परत पाठवायची, त्यात शेतावर काम करणारे, सैनिक, नर्सेस सगळे होते. तिच्या थडग्यावर नावापुढे एकच शब्द आहे, मोरा, म्हणजे शिक्षिका. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टर्न कॉलेजमध्ये रब्बी सोलोव्हेइचिकने मुलींच्या तालमूद वर्गाचं पहिलं लेक्चर स्वतः दिलं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला द्रिशा, १९८८ मध्ये जेरुसलेमला मतान, १९९० मध्ये निश्मत, अशा बायकांच्या शिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या. आणि जानेवारी २०२० मध्ये जेरुसलेमच्या बिन्यानेई हाउमा हॉलमध्ये हजारो बायका जमल्या, ज्यांनी साडेसात वर्षं रोज एक पान असं करत तालमूदची २७११ पानं संपवली त्यांचा सियूम, म्हणजे अभ्यास पूर्ण झाल्याचा सोहळा, साजरा करायला. मी त्या हॉलमध्ये होते. माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, मोरोक्कोच्या, त्यांना वाचताच येत नव्हतं, नातीने संपवलं म्हणून आल्या होत्या, सगळा वेळ माझा हात धरून बसल्या.

तर मनाई आहे का, याचं माझं उत्तर, नाही. आजही काही समाज मुलींना तालमूद शिकवत नाहीत, तो त्यांचा मार्ग, पण तनाख (म्हणजे हिब्रू बायबल), नियम, प्रार्थना हे तर आता अगदी कडक लोकसुद्धा मुलींना शिकवतात. काकांशी भांडू नकोस. त्यांना सोटाचं ते पान दाखव आणि म्हण, चला दोघं मिळून वाचू.

आता आपल्या घरचं. मला सगळ्यात जास्त हेच बोलायचंय, कारण आपल्या बायका माझ्याकडे येतात त्या मान खाली घालून येतात, मला काही येत नाही म्हणतात. तुला दाविद राहाबीची गोष्ट माहीत असेल. कोकणातले आपले पूर्वज, नवगावला जहाज फुटून आलेले, तेल गाळणारे शनिवार तेली, पुस्तक एकही उरलं नव्हतं, शमा या मुख्य प्रार्थनेचं पहिलं वाक्य, शब्बाथ, सुंता आणि खाण्याचे नियम एवढंच राहिलेलं. राहाबी हा बाहेरून आलेला यहुदी विद्वान, त्याला शंका की हे खरंच यहुदी आहेत का. मग त्याने काय केलं, तर बायकांना मासे दिले रांधायला, मुद्दाम सगळे मिसळून. बायकांनी ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत ते ठेवले आणि बाकीचे बाजूला काढले, आम्ही हे खात नाही म्हणाल्या. त्यावरून त्याने ओळखलं. ही आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या सांगितलेली गोष्ट आहे, मी ती इतिहासाचा कागद म्हणून नाही सांगत, पण बघ ना, ज्या गोष्टीवर आपली सगळी ओळख उभी आहे त्या गोष्टीत परीक्षा बायकांनी दिलीय. माझा पहिला वर्ग नेहमी इथूनच सुरू होतो. वायिक्राच्या, म्हणजे लेवीयच्या, ११ व्या अध्यायाचं ९ वं वचन मराठीतून मोठ्याने वाचायचं आणि मग विचारायचं, बांगडा का चालतो, कोळंबी का नाही, मुशी का नाही. उत्तर प्रत्येकीला येतं. ते उत्तर जिथे लिहिलंय ती ओळ मात्र बहुतेकींनी पहिल्यांदाच बघितलेली असते. मला तुम्हा सगळ्यांना हेच द्यायचंय, हाताला जे माहीत आहे त्याच्या शेजारी ती ओळ ठेवायची.

आणि आपल्या सणांची जुनी नावं बघ, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. रोश हशाना (नवं वर्ष), योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास), तिशा बेआव (मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास) ही नावं नंतर आली. खीर कोण करायचं, बिरडं कोण सोलायचं, दारं लावून घरात उपासाला कोण बसायचं? पंचांग पुरुषांच्या हातात यायच्या आधी ते स्वयंपाकघरात होतं. एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने करतात त्या मलिद्याचंही तसंच, पोहे भिजवणं, खोबरं-साखर, फळं मांडणं बायकांचं, आणि त्यावर म्हणायचे बेराखोत, म्हणजे आशीर्वाद, पुरुषांचे. माझ्या वर्गात मी बायकांना ते बेराखोत शब्द सुटे करून शिकवते, फळाचं वेगळं का, जमिनीतल्याचं वेगळं का, पोह्यांचं कोणतं, आणि मग पुढच्या मलिद्याला त्या नुसतं आमेन म्हणत नाहीत, कशाला आमेन म्हणतोय ते त्यांना कळतं.

पुस्तकं आली एकोणिसाव्या शतकात. १८४६ मध्ये मुंबईला हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापली गेली, १८७४ मध्ये पुण्याला दुसरी, तिच्यात साड्या नेसून मत्सा, म्हणजे बेखमीर भाकरी, करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. ज्यांना हिब्रू येत नव्हतं त्यांना अर्थ कळावा हाच सगळा उद्देश. आणि १८८० च्या दशकात आपल्या लोकांनी किर्तन उचललं, अगदी हरिदासांच्या धाटणीचं, ओव्या, साकी, दिंडी, आणि त्यात गोष्टी आपल्या, अब्राहाम, योसेफ, मोशे. सुरुवात पुरुषांनी केली पण पुढे ती पदं टिकवली बायकांनी, वह्यांमध्ये उतरवून, मेंदीला, मलिद्याला, स्त्री मंडळात म्हणून. पूर्व युरोपातल्या बायकांकडे यिद्दिशमध्ये बायकांसाठीच्या प्रार्थना होत्या, त्यांच्यावर आज विद्यापीठांत अभ्यास होतो. तुझ्या आजीची वही त्याच तोलाची आहे. तिला गाण्यांची वही समजू नकोस, ती तोराचं मराठी भाष्य आहे, आणि तुझ्या घरात आहे.

एक नाव अजून सांगते कारण तरुण मुलींना माहीतच नसतं. डॉ. जेरुशा झिराड, मुंबईच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. लंडनला शिकताना त्यांची तिथल्या लिबरल ज्यू लोकांशी ओळख झाली आणि १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू केली, प्रार्थना समजून म्हणता यावी म्हणून. मी त्या पंथाची नाही, माझी रीत जुनी आहे. पण आपल्या समाजात धर्माचा अर्थ कळला पाहिजे म्हणून एका बाईने शंभर वर्षांपूर्वी संस्था उभी केली हे आपल्या मुलींना सांगायला नको?

आणि हे सगळं नुसतं आवडीसाठी नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमध्ये आपल्या लोकांच्या लग्नांवर चौकशीच्या अटी लागल्या, प्रश्न असा उभा केला की कोकणात शेकडो वर्षं घटस्फोट आणि विधवेचे नियम तालमूदप्रमाणे पाळले गेले होते का. आपले लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं केली, आणि १९६४ मध्ये सरकारने आणि क्नेसेटने, म्हणजे संसदेने, बाजू घेतली तेव्हा त्या अटी गेल्या. त्या वादात ज्या आयांच्या, आज्यांच्या वंशावळी विचारल्या जात होत्या त्यातल्या बहुतेकींना गेट (घटस्फोटाचा कागद) म्हणजे काय, हलित्झा (निपुत्रिक विधवेला दिराने मोकळं करण्याचा विधी) म्हणजे काय हे पानातून वाचता येत नव्हतं. आपल्याबद्दल निर्णय होतोय तो कोणत्या ओळीवरून हे आपल्याला कळत नसेल तर आपण फक्त हात जोडू शकतो. १९९० च्या दशकापासून इस्राएलच्या धार्मिक न्यायालयात बायका वकील म्हणून उभ्या राहतात, तोएनेत रब्बानीत म्हणतात त्यांना, कारण त्या ती पानं शिकल्या.

पाळीचा प्रश्न. हा मला प्रत्येक नव्या वर्गात कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा वर्ग संपल्यावर, हळूच. नीट वाच. तालमूदमध्ये बेराखोत नावाचा भाग आहे, त्याच्या २२ व्या पानावर रब्बी येहुदा बेन बेतेरा म्हणतो की तोराच्या शब्दांना अशुद्धता लागत नाही. आणि रामबामने सेफेर तोराच्या, म्हणजे हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीच्या, नियमांत सरळ लिहिलंय की जे कोणी अशुद्ध आहेत, अगदी निद्दा, म्हणजे पाळीतली बाईसुद्धा, त्यांनी सेफेर तोरा हातात धरायला आणि त्यातून वाचायला हरकत नाही, फक्त हात घाण किंवा चिखलाचे नसावेत. छापील पुस्तकाचं तर मग विचारायलाच नको. काही ठिकाणच्या बायकांनी त्या दिवसांत सिनेगॉगला न जाण्याची रीत पाळली, तशी नोंद आहे, ती आदराने पाळलेली रीत आहे, नियम नाही. आणि निद्दाचे जे नियम आहेत ते नवरा-बायकोमधले आहेत. आपल्याकडे झालं काय, की आजूबाजूच्या गावात विटाळ, कडेला बसणं हे सगळं होतं, आणि ते आपल्याही घरात शिरलं आणि मग लोकांना वाटायला लागलं की हे तोरातच आहे. माझी आई चार दिवस प्रार्थनेचं पुस्तक शिवायची नाही, कपाटाच्या काचेतून बघायची. तिला रामबामची ती ओळ कोणी दाखवली असती तर तिने काय केलं असतं मला माहीत नाही, कदाचित तरी शिवलं नसतं, पण तिला निवड तरी मिळाली असती.

आता सुरुवात. बेरेशीतपासून, म्हणजे उत्पत्तीपासून, पहिल्या पानाला सुरू करू नकोस, मी माझ्या पहिल्या वर्गात तीच चूक केली, हिब्रूतून पूर्ण पाराशा घ्यायला लागले, नऊ बायका होत्या, पाच आठवड्यांत चार राहिल्या आणि दोष त्यांचा नव्हता. रूथपासून सुरू कर. चारच अध्याय आहेत, ८५ वचनं, शावुओत सणाला वाचतात, आणि त्यात सासू आहे, सून आहे, दुष्काळ आहे, परगावी गेलेले लोक आहेत, आपल्या बायकांना समजवायला काहीच लागत नाही. आठवड्याला सहा वचनं, जास्त नाही. आधी मराठीतून मोठ्याने, मग त्याच ओळीचं हिब्रू बोट ठेवून, आणि प्रत्येक वेळी एकच शब्द उचलायचा.

एक उदाहरण देते. पहिल्या अध्यायाच्या शेवटी नाओमी बेथलेहेमला परत येते आणि बायकांना म्हणते, मला नाओमी म्हणू नका, मारा म्हणा, मी भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी परत आणलं. हिब्रू शब्द आहे रेकाम. ऐकलंस? रेकाम, रिकाम. दोन्ही शब्दांचं मूळ एक नाही, नुसता योगायोग आहे, पण मराठी बाई हा शब्द जन्मात विसरत नाही. आता तिसऱ्या अध्यायात जा, १७ वं वचन, बोआझ रूथच्या ओढणीत सहा मापं जव घालतो आणि रूथ घरी येऊन सासूला सांगते की तो म्हणाला, सासूकडे रेकाम जाऊ नकोस. तोच शब्द. पहिल्या अध्यायात जी म्हणाली देवाने मला रिकामी आणलं, तिलाच तिसऱ्या अध्यायात सुनेच्या पदरातून उत्तर येतं. हे मी सांगितलं नाही तरी चालतं, बायका स्वतः शोधतात, पाने मागेपुढे करतात आणि एकदम कोणीतरी ओरडतं, अगं हा तोच. लोदच्या वर्गात एका ७० वर्षांच्या बाईंनी हे पकडलं आणि मग बराच वेळ बोलल्याच नाहीत. शेवटी म्हणाल्या, मी सुनेकडे कधी असं बघितलंच नाही.

हे एकटीने होत नाही. जोडीदारीण पाहिजे, तिला खव्रुता म्हणतात, दोघींनी एकच पान समोर ठेवून मोठ्याने वाचायचं आणि एकमेकींना अडवायचं, तू असं का म्हणतेस, कुठे लिहिलंय दाखव. ती तुझ्याहून हुशार असायची गरज नाही, वेळ पाळणारी पाहिजे. बहीण, नणंद, कोणीही. परदेशातली असेल तर वेळेचा फरक लक्षात ठेव, इस्राएल उन्हाळ्यात अडीच तास मागे आणि हिवाळ्यात साडेतीन, यावरून आमचे दोन वर्ग बुडालेत.

मराठी पवित्र शास्त्र वापर, दुसरं हाताशी काय आहे, पण ते ख्रिस्ती मंडळींनी केलेलं आहे हे डोक्यात ठेवून वापर. पुस्तकांचा क्रम वेगळा आहे, त्यात रूथ शास्त्यांच्या मागे येतं, आपल्याकडे केतुवीममध्ये, म्हणजे तनाखच्या शेवटच्या भागात. स्तोत्रांत वचनांचे आकडे एकदोनाने सरकतात कारण हिब्रूत मथळाही मोजला जातो. मलाखी त्यांच्याकडे चार अध्याय, आपल्याकडे तीन. आणि काही शब्दांत त्यांचा विश्वास उतरलेला आहे, यशायाच्या ७ व्या अध्यायात कुमारी असं येतं, हिब्रू अल्मा म्हणजे तरुण स्त्री. यात त्यांचा राग धरायचं कारण नाही, मराठीतून हिब्रू व्याकरण पहिल्यांदा मुंबईच्या मिशनऱ्यांनीच छापलं. शंका आली की सेफारिया उघड, मोबाईलवर फुकट आहे, हिब्रूवर बोट ठेवलं की शब्दाचा अर्थ येतो, इंग्रजी भाषांतर बाजूला असतं.

हिब्रूला घाबरू नकोस, अक्षरं येतात म्हणजे अर्धं झालं. तीन अक्षरांचं मूळ असतं शब्दाला, ते ओळखायला शिक. रूथच्या पहिल्या अध्यायात शूव, म्हणजे परत फिरणं, हे मूळ इतक्या वेळा येतं की एका अध्यायात तुझं ते पक्कं होतं, आणि तेशुवा म्हणजे पश्चात्ताप हा त्याच मुळाचा, योम किप्पूरला तू तो शब्द वर्षानुवर्षं म्हणतेसच. वर्षभरात शंभर मुळं झाली तर सिद्दूरमधली, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातली, ओळ अंधारातून वर यायला लागते.

तालमूद कधी? रूथ झालं, तीन-चार पाराशा राशी नावाच्या जुन्या रब्बीच्या भाष्यासकट झाल्या की मग. आणि तेव्हाही पहिलं पान बेराखोतचं ३१ वं, कारण ते तुझ्या आजीचं पान आहे. हन्नाला मूल नव्हतं, ती शिलोला मंदिरात उभी राहून प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज ऐकू येत नाही, एली याजकाला वाटतं ती प्यायलेली आहे आणि तो तिला बोलतो. रोश हशानाच्या पहिल्या दिवशी ही हफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकातला उतारा, वाचतात. तालमूदमध्ये रव हम्नुना म्हणतो, हन्नाच्या या वचनांतून किती मोठे नियम शिकायला मिळतात. ती मनात बोलत होती, म्हणजे प्रार्थनेत मन एकाग्र पाहिजे. फक्त ओठ हलत होते, म्हणजे शब्द ओठांनी उच्चारले पाहिजेत. आवाज ऐकू येत नव्हता, म्हणजे मोठ्याने ओरडायचं नाही. पुरुष, बायका, रब्बी, सगळे आज अमिदा ही मुख्य प्रार्थना उभं राहून जशी म्हणतात ना, ती पद्धत एका दुखावलेल्या बाईकडून घेतलीय. पुढे ते म्हणतात की जग निर्माण झाल्यापासून देवाला सेवाओत, सैन्यांचा प्रभू, या नावाने हाक मारणारी पहिली हन्ना. आणि ती एलीला जे उत्तर देते, नाही महाराज, त्याचा अर्थ उल्ला असा सांगतो की या बाबतीत तू महाराज नाहीस आणि तुझ्यावर पवित्र आत्मा नाही, नाहीतर तुला कळलं असतं. मुख्य याजकाला! आणि तालमूद तिला गप्प करत नाही, लिहून ठेवतं.

तू शेवटी लिहिलंस की वाचलं तरी मनाला काही होत नाही, भक्ती वाटत नाही. हे खूप जणींचं होतं आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. मी सांगते तेवढं कर, शुक्रवारी दिवा लावून डोळ्यांवर हात ठेवतेस तेव्हा त्या आठवड्यात शिकलेला एकच शब्द मनात धर, रेकाम असेल तर रेकाम, आणि मग तुझं जे मागणं आहे ते मराठीतून माग. हन्नाने कोणाची ठरलेली प्रार्थना म्हटली नव्हती.

मुलीला बात मित्झ्वासाठी, म्हणजे बाराव्या वर्षी मुलगी धर्माने मोठी होते त्या सोहळ्यासाठी, भाषण पाठ करायला लावू नकोस. तिला बामिद्बारचा, म्हणजे गणनाचा, २७ वा अध्याय दे, सलोफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिर्सा, मोशेसमोर उभ्या राहून आम्हाला वाटा का नाही विचारतात आणि मोशेला उत्तर येत नाही, तो देवाला विचारतो, आणि देव म्हणतो मुली बरोबर बोलतायत. हे अकरा वचनांत संपतं. तिला म्हण, तुला यावर तीन प्रश्न काढायचेत, उत्तरं नाही दिलीस तरी चालेल. आणि शक्य असेल तर तीच तुझी खव्रुता होऊ दे.

आता त्या वहीचं. त्याच पानावर अजून एक आहे, एलीला आपली चूक कळते आणि तो हन्नाला म्हणतो शांतीने जा, देव तुझं मागणं पुरं करो, आणि तालमूद त्यावरून सांगतं की ज्याने कोणावर खोटा संशय घेतला त्याने त्याची समजूत काढली पाहिजे आणि नुसती समजूत नाही, त्याला आशीर्वादही दिला पाहिजे. आजीच्या पदात एली फक्त रागावतो की नंतर आशीर्वादही देतो, ते कडवं बघ आहे का. मी तीन घरांतल्या वह्या बघितल्यात, एकीत ते कडवं आहे आणि दोनांत नाही, आणि मला फार दिवसांपासून कळून घ्यायचंय की ठाण्याच्या बायका कोणतं म्हणायच्या. वहीचे फोटो दिवसाच्या उजेडात काढ, पान दाबून सपाट करू नकोस, जुनी शिवण सुटते. आणि चाल आठवत असेल तर गुणगुणून रेकॉर्ड कर, शब्द अर्धे असले तरी चालतील.